पहिले तीन दिवस वासराचे

९ जून
उम्म अल कुवैन

सिद्धार्थभाऊजी,

अक्षर ओळखलंत का? नसेल ओळखलं तर खाली सही बघा आणि मग फाडायचं तर खुशाल फाडा. तुम्ही तुमच्या दादांचा नंबर ब्लॉक केलात, माझा केलात, आमच्या ओवीचाही केलात. ती बिचारी तेव्हा शाळेत होती, तिनं तुमचं काय घोडं मारलं होतं? म्हणून हा कागद. आपला मुझम्मिल दुधाची गाडी घेऊन शारजात रोल्लाला जातो, आणि अलीकडे दुबईत रास अल खोरमध्येही एक गिऱ्हाईक मिळालंय, तुमच्या कोल्ड स्टोअरच्या मागच्याच गल्लीत. त्याला बजावलंय की पत्र तुमच्या हातात द्यायचं, रिसेप्शनला नाही. "भाभी, वो गुस्सा हो गये तो?" म्हणाला. म्हटलं, होऊ दे, तू यल्ला म्हण आणि निघून ये.

सात वर्षं झाली. तासाभराच्या रस्त्यावर राहून सात वर्षं तोंड न दाखवायला सुद्धा चिकाटी लागते. अण्णांची आहे ती, दुसऱ्या कुणाची?

आता काम. परवा सालिम आला होता. त्याचे वडील अबू सालिम गेल्यापासून जमिनीचं सगळं तोच बघतो. चांगला मुलगा आहे, बसला, चहा घेतला, अण्णांच्या खांद्याला हात लावून भेटला. मग मला बाहेर बोलावून अण्णांबद्दल म्हणाला, "सिस्टर, गोपीनाथ मेरे बाबा का भाई जैसा है. लेकिन ये पूरा एरिया अब गोदाम में जाएगा. समर के बाद यहाँ इझबा खलास." इझबा म्हणजे आपला गोठा, हे तुम्हाला सांगायला नको. फलज अल मुअल्लाच्या पुढे वाळूत त्याची दुसरी जागा आहे, ती तो वडिलांच्याच अटीवर द्यायला तयार आहे. पण तिथे शेड नव्या नियमांप्रमाणे बांधावी लागेल. थंडाव्याची सोय, पाण्याची टाकी, सांडपाणी, सगळं. सप्टेंबर संपेपर्यंत हो किंवा नाही सांगायचं.

आमच्याच्यानं हे होणार नाही. तुमच्या दादांची कंबर गेली आहे आणि अण्णा सत्त्याहत्तरचे झाले. तुमच्याकडे लायसन्स आहे, गाड्या आहेत, बँकेत गेलात तर तुम्हाला खुर्ची देतात. तुम्ही आलात तर गोठा राहील, नाही आलात तर मोठ्या डेअरीवाले येऊन गायी चढवून नेतील. एवढं साधं आहे. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

माझं काय, मी ठीक आहे. या उन्हात जितकं ठीक असता येतं तितकी.

तुमची
सुचित्रा वहिनी


२८ जून

भाऊजी,

मुझम्मिल म्हणाला, तुम्ही पत्र घेतलंत, खिशात घातलंत आणि त्याला लस्सी पाजलीत. उत्तर नाही. लस्सी तरी पाजलीत, हेही नसे थोडके.

अण्णांना कळलंय. तुमच्या दादांच्या पोटात काही राहत नाही. अण्णा ऐकून उठले आणि गायींवरचे फवारे चालू करून आले. ते चालूच होते. मग बंद करून पुन्हा चालू केले.

नंतर मात्र तीन दिवस जुन्या गोष्टी चालल्या आहेत. तुम्ही आणि मी त्या इतक्या वेळा ऐकल्यात की झोपेत सांगू. पारनेरजवळच्या गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर उंटांना औषध पाजायच्या नोकरीवर इथे आला. अबू सालिमकडे सहा परदेशी गायी होत्या, कुणीतरी गळ्यात मारलेल्या, आणि त्या उन्हाने एकेक करून बसत होत्या. अण्णांनी वाऱ्याच्या बाजूला गोणपाटं बांधली, त्यांवर दिवसभर पाणी मारलं, आणि सहातल्या चार जगल्या. म्हाताऱ्यानं खूश होऊन सांगितलं, गायी तू ठेव, जमीन माझी, माझ्या घराला दूध दे आणि गोऱ्हे मला. कागद नाही, काही नाही. त्यावर चाळीस वर्षं चालली. गोऱ्हे कुठे जातात ते अण्णांनी कधी विचारलं नाही, आणि आपणही अण्णांना विचारलं नाही.

मग माई आल्या. कॅनमधलं दूध घेऊन रोल्लाच्या इमारतींचे जिने चढणारी ती बाई मी पाहिलेली नाही, मी आले तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. पण अजूनही रोल्लातल्या जुन्या बायका मला "कुमुदताईंची सून" म्हणतात आणि दूध घेताना "साय येते ना गं तशीच?" असं दरडावून विचारतात. येते. पिशवीतलं दूध स्वस्त मिळत असताना आपलं घेतात ते त्या सायीसाठीच.

आणि माईंचा तो नियम. गाय व्याली की पहिले तीन दिवस ती आपली नाही, वासराची. वासरू पोटभर पिऊन उरेल तो चीक वाटायचा. बाळंतिणीच्या घरी, आजाऱ्याच्या घरी, नवीन बिऱ्हाड आलं असेल तिथे. विकायचा नाही. या वाळवंटात चीक म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यात पाणी येतं. मी दारात वाटी घेऊन उभी राहिले आणि समोरची बाई रडली, असं किती वेळा झालं असेल. तुम्हीही लहानपणी माईंबरोबर वाट्या घेऊन जायचात.

म्हणून तर अण्णांना ते इतकं लागलं. मी उगाळत बसत नाही. पण उगाळल्याशिवाय पुढेही जाता येत नाही, तेव्हा एकदाच लिहिते. गणपतीत खरवसाचे डबे काढायची कल्पना तुमची होती आणि ती वाईट नव्हती. दुकानवाले मागतच सुटले. तुम्ही गड्यांना पहिल्या धारेचा चीकही काढायला लावलात आणि वासरांना पावडरचं दूध पाजायला सांगितलंत. वासरं हगवणीने गेली. एकामागून एक. ती उचलायला अण्णा स्वतः वाकत होते, आणि तुम्ही फोनवर ऑर्डर घेत होतात. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्यापासून गोठ्यात येऊ नकोस," एवढंच म्हणाले, आणि तुम्ही खरोखरच गेलात.

आता तुम्ही जो खरवस विकता तो मी चाखलाय. चायना ग्रासचा. भाऊजी, तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो? वेलची तरी नीट घाला.

फवाऱ्यांचा पंप पुन्हा बंद पडलाय, जाते. माझी बोटं सकाळी मिटत नाहीत म्हणून अक्षर असं आलंय, काळजी करू नका.

सुचित्रा वहिनी


१७ जुलै

भाऊजी,

उत्तर मिळालं. सात वर्षांनी पाच शब्द. "अण्णांनी बोलावलं तर येईन, वहिनी." तुमच्या अक्षराचे अजून पाय मोडलेलेच आहेत.

तुमची चिठ्ठी अण्णांना वाचून दाखवली. ते जतच्या पेंढ्या सोडत होते. (ओवीच्या एका मैत्रिणीला जत म्हणजे काय ते कळेना, तिला सांगितलं की आपला लसूणघास गं, इथले लोक जत म्हणतात.) पेंढी सोडून झाल्यावर म्हणाले, "मी घालवला नाही. गोठ्यात येऊ नको म्हटलं होतं. घरात येऊ नको कुठे म्हटलं?"

म्हणजे सात वर्षं तुम्ही गोठ्याच्या हद्दीवरून रुसला आहात आणि ते घराच्या दारावरून. मधे मी. सासरा दिराला निरोप देणार, दीर सासऱ्याला, आणि सुनेने पोस्टमन व्हायचं. लग्न ठरवताना माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "मुलगा दुबईला असतो." पुण्यात सगळ्या आखाताला दुबईच म्हणतात हे कुणी सांगायचं त्यांना? मी उंच इमारतींचे फोटो पाहून आले, आणि विमानतळावरून गाडी जी निघाली ती शेणाचा वास येईपर्यंत थांबली नाही. तुम्ही गाडीत पुढे बसला होतात आणि हसत होतात. मला आठवतंय.

असो. त्या दिवशी संध्याकाळी अण्णांनीच विषय काढला. म्हणाले, "शेवंता ऑगस्टच्या शेवटाला विणार. त्यानं यावं. तीन दिवस तिच्यापाशी बसावं. वासराला पहिला चीक स्वतःच्या हाताने पाजावा. ते केलं तर नवी जागा, जुनी जागा, त्याला काय करायचं ते करू दे. मी काही बोलणार नाही."

मी विचारलं, "आणि माफी वगैरे?"

"माफी कुणाची? माझी कशाला? मी मेलो होतो का हगवणीने?"

बघा तुम्हाला पटतंय का. माफी मागण्यापेक्षा हे सोपं आहे असं मला वाटतं. पण तुमचं तुम्हाला माहीत.

इकडे हवा म्हणजे ओल्या फडक्याने तोंड बांधल्यासारखी झाली आहे. दूध निम्म्यावर आलंय. गायी फवाऱ्याखालून हलत नाहीत. दगडी झालेल्या दोन गायींची सुजलेली कास रोज शेकायची असते, ते गड्यांना जमत नाही. म्हणजे जमतं, पण गायी त्यांना लाथ मारतात आणि मला मारत नाहीत. हे ऐकून सगळे कौतुक करतात. त्या कौतुकापायी गेल्या वर्षी आई गेली तेव्हा मी पुण्याला चौदाव्याला पोचले. त्या आठवड्यात चार गायी विणार होत्या. हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल.

मी ठीक आहे.

सुचित्रा


११ ऑगस्ट

सिद्धार्थ,

आज भाऊजी नाही लिहीत. रागाने लिहितेय हे कळू दे.

"मी काय ट्रेनी आहे का, की अण्णा माझी टेस्ट घेणार?" हे तुम्ही मुझम्मिलजवळ तोंडी सांगून पाठवलंत, आणि वर बर्फीचा खोका. मुझम्मिलने ते वाक्य मान खाली घालून सांगितलं. त्याच्या तोंडून असलं ऐकायची मला सवय नाही आणि त्याला सांगायची नाही. पुन्हा त्याला मधे घालू नका.

ट्रेनी नाही तर काय आहात? सात वर्षांत एका गायीच्या अंगावर हात फिरवलात? तुमच्याकडे दूध पावडरच्या गोणीतून निघतं. चांगलं चाललंय तुमचं, मला आनंद आहे, माझ्या जावेने, अंतराने, घर छान ठेवलंय असं ऐकते. पण गोठा चालवायचा तर गायीजवळ बसावं लागतं, आणि ते अण्णांना माहीत आहे म्हणून ते सांगतायत. तुमचा अपमान करायला नाही. त्यांना तुमचा अपमान करायचा असता तर इतकी वर्षं मिळाली होती, रोल्लातल्या प्रत्येक घरात त्यांनी सांगितलं असतं. त्यांनी एका माणसालाही सांगितलं नाही ती वासरं कशाने गेली. लोकांना वाटतं, साथ आली होती.

सालिमचा परत फोन होता. "सिस्टर, इन्शाल्ला जल्दी बोलो, वेअरहाउस वाले वेट नहीं करते." तुमच्या दादांना विचारलं काय करायचं, तर म्हणाले, "तू बघ ना, तुझं ऐकतो तो." मोठ्या डेअरीच्या माणसांना गुपचूप बोलावून गायी दाखवल्या, हेही मीच केलं. त्यांनी तरुण गायी तेवढ्या निवडल्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर थोपटत होते, बाजारात फणस थोपटतात तसं. अण्णा दिवाणावर तोंड भिंतीकडे करून पडले होते.

मला तुमच्या बर्फीचं काही करायचं नाही. मला माणूस हवा आहे. यायचं असेल तर गणपतीच्या दिवशी या, शेवंताची लक्षणं दिसायला लागली आहेत. नसेल यायचं तर तसं स्वच्छ लिहा, म्हणजे मी वाट बघायची थांबते. वाट बघूनही माणूस दमतो हो.

सुचित्रा


२ सप्टेंबर

भाऊजी,

तुम्ही आलात. काल गेलातही. आता फोनही लागतो, ओवीने तुम्हाला मोदकाचा फोटो पाठवल्याचं कळलं. तरी हे कागदावरच लिहितेय. फोनवर तुम्ही मला मधेच थांबवता आणि "वहिनी, रिलॅक्स" म्हणता.

आधी जे चांगलं झालं ते. तुम्ही गाडीतून उतरलात ते चकचकीत बूट घालून, आणि अण्णा तुमच्याकडे न बघता बुटांकडे बघून म्हणाले, "ते काढ, घसरशील." सात वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी आत जाऊन रडले. मोदकांची उकड घेत होते, तीत मीठ पडलं की नाही ते आठवेना म्हणून दोनदा घातलं. तुम्ही खाल्लेत न बोलता.

दुपारी शेवंता व्याली. कालवड झाली. चीक काढताना तुमची धार दोनदा भांड्याबाहेर गेली, ते अण्णांनी खाटेवरून पाहिलं. कालवड बाटली तोंडात घेईना तेव्हा तुम्ही बोट चिकात बुडवून तिच्या जिभेवर ठेवलंत. ते कुणी शिकवलं होतं? माईंनीच ना? ती प्यायला लागली, आणि तुम्ही खाली जमिनीवर बसलात, त्या ओल्यात, आणि बसूनच राहिलात. अण्णा खाटेवरून उठून आले. तुमच्या डोक्यावर हात ठेवला असं मी सगळ्यांना सांगतेय, पण खरं म्हणजे त्यांना वाकून उभं राहायला आधार हवा होता. तुम्ही काय समजायचं ते समजा. तीन दिवस तुम्ही तिथून हलला नाहीत. उठलात ते फक्त उरलेला चीक वाटायला, तोही स्वतः.

इथवर सगळं बरोबर झालं. आता चहाचं.

तुम्ही टॅबलेट काढलात. तुम्ही होतात तिथे, पण तुम्हाला कदाचित लक्षात नसेल तुम्ही काय म्हणालात. "दादा सेल्स बघेल. फायनान्स आणि सप्लाय मी. अण्णा म्हणजे आपला फेस, डब्यावर अण्णांचा फोटो. शेड जानेवारीपर्यंत रेडी. एक लिटरला अठरा दिरहम, म्हणजे चारशेच्या वर रुपये झाले, लोक देतील."

तुमच्या दादांनी विचारलं, "आणि गोठा?"

"गोठ्याचं काय टेन्शन? वहिनी आहेतच."

अण्णा म्हणाले, "ती आहे म्हणून तर." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी कधी ऐकलेली नाही. चोवीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, आणि मला ते अंगावर पोतं टाकल्यासारखं वाटलं.

ओवी कोपऱ्यात मोबाइल बघत होती. मान वर न करता म्हणाली, "डिड एनीवन आस्क हर?"

तुम्ही सगळे हसलात. "अगं, तुझी आई म्हणजे गोठ्याची सीईओ," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "मी नव्या जागेला येणार नाही."

"वहिनी, पुरे आता चेष्टा. चहा आहे का अजून?"

चहा होता. मी ओतला. चौघांनाही ओतला. मग तुम्ही शेडच्या पत्र्यांचं बोलायला लागलात.

तर ती चेष्टा नव्हती, एवढं सांगायला हे पत्र. मी या महिन्याच्या शेवटापर्यंत आहे. त्यात जे शिकवायचं ते शिकवीन. माणसं पाठवा.

मला स्वतःलाही हे आधी ठाऊक नव्हतं, शप्पथ. सगळा उन्हाळा तुम्हाला लिहिताना मला वाटत होतं की मी गोठा वाचवायला धडपडतेय. तुम्ही आलात, कालवडीपाशी बसलात, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी घाबरले. गोठा वाचला म्हणून नव्हे. मला वाटलं, चला, आला घेणारा. आता उठायला हरकत नाही. आणि चार दिवसांनी चहाच्या वेळी कळलं की तुम्ही घ्यायला आलेलाच नाही. तुम्ही फक्त परत आला आहात.

सुचित्रा वहिनी


३० सप्टेंबर

भाऊजी,

आज दुपारच्या गाडीने मी निघतेय. मुझम्मिल गाडी धुतोय तोवर लिहून घेते. हे पत्र पुढे रास अल खोरला येईल, मी रोल्लाला उतरेन. ओवीने तिथे खोली घेतली आहे, ऑफिस जवळ पडतं म्हणून. तिला फोनवर सगळं सांगायला लागले तर म्हणाली, "आई, जस्ट कम. डोन्ट एक्सप्लेन." मुलं इंग्लिशमध्ये बोलतात म्हणून मी आयुष्यभर कुरकुर केली. त्या दिवशी केली नाही.

तुम्ही पाठवलेली दोन माणसं चांगली आहेत. फ्रीझरचं काम केलेली असल्यामुळे त्यांना आधी गायी गरम का असतात असं वाटलं. पण शिकली. त्यांतला एक गायींशी बोलतो, तो टिकेल. दगडीवाल्या गायींना आधी हात लावायचा, मग मशीन, हे त्यांना दहादा सांगितलंय. शेवंताची कालवड मजेत आहे, सगळ्यांच्या मागे लागते. तिला बघून आज मी परत रडले. गायी मला आवडत नव्हत्या असं कुणी म्हणू नये.

सालिमला हो कळवलंत, हे ऐकलं. बरं केलंत. गोठा राहावा असं मला अजूनही वाटतं, मनापासून वाटतं. पण तो माझ्या पाठीवर राहावा असं वाटत नाही.

तुमचे दादा महिनाभर समजूत काढत होते. आधी म्हणाले, चार दिवस जाऊन ये. मग म्हणाले, लोक विचारतील. मग काल विचारलं, "मी यायचं का तुझ्याबरोबर?" असं विचारलं की वाईट वाटतं हो. म्हटलं, यायचं तेव्हा या, ओवीकडे गादी आहे. पण मी त्यांचा डबा करून ठेवला नाही, आणि ते बराच वेळ फ्रीज उघडून उभे होते.

अण्णांना आज सकाळी सांगायला गेले. त्यांना सगळं माहीत होतंच, पण नमस्कार केल्याशिवाय कशी निघणार? ते खाटेवर बसले होते. मी वाकले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. एवढी वर्षं झाली, काहीतरी निघेल तोंडातून. मी थांबले. खरंच थांबले भाऊजी, एक शब्द चांगला बोलले असते तर मी पिशवी खाली ठेवली असती, इतकी मी वेडी आहे.

ते म्हणाले, "मग उद्या धार कोण काढणार?"

मी म्हटलं, "बघा."

रागावले नाही त्यांच्यावर. त्यांना दुसरं काही विचारताच येत नाही, आयुष्यभर तो एकच प्रश्न विचारत त्यांनी ही चार गायींची चाळीस वर्षं केली. माईही त्यांच्याकडून दुसरं काही न ऐकताच गेल्या असतील. पण माई गेल्या, मी जातेय, आणि मला जाताना जिवंत जायचंय.

मुझम्मिल हॉर्न वाजवतोय.

पहाटे चारला मशीन लावायचं असतं. तुमच्या दादांना गजराने जाग येत नाही, चोवीस वर्षं मी हलवून उठवलंय. उद्यापासून तुम्ही फोन करा, आणि ते उठेपर्यंत करत राहा.

सुचित्रा